गाडी आत येते का?

गुहागर, दापोलीजवळचं मुरूड, केळशी, दिवेआगर या गावांची ठेवण बरीचशी सारखी आहे. समुद्राला समांतर जाणारा एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राकडच्या घरांमागे लांबच लांब पसरलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या. रस्त्यावरून आत शिरलं की आधी चिऱ्याचा गडगा आणि बेडं, म्हणजे फाटक, मग अंगण, मग घर, परसात विहीर, तिच्यामागे आगर, आणि सगळ्यात शेवटी सुरूचं बन आणि पुळण. जमिनीचा तुकडा रुंदीला थोडका आणि लांबीला भरपूर. भावाभावांत वाटण्या झाल्या त्याही बहुतेक लांबीतच, कारण रस्ता प्रत्येकालाच हवा होता. त्यामुळे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या आणखी अरुंद होत गेले.

ही रचना बैलगाडीच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या काळातली. चारचाकीचा विचार तिच्यात कुठेच नव्हता, असण्याचं कारणही नव्हतं. आज त्याच अंगणात पुण्या-मुंबईच्या गाड्या लावायच्या आहेत. किनाऱ्यावरच्या छोट्या गावात ‘पार्किंग असलेलं हॉटेल’ शोधणं शहराइतकं सोपं का नसतं, याचं उत्तर या गडग्यांच्या आत आहे. खोली बघताना आपण समुद्र किती जवळ, एसी आहे का, जेवणात मासे मिळतात का, हे सगळं विचारतो. गाडीचा प्रश्न मात्र थेट बेड्यासमोर उभं राहिल्यावर पडतो. तेव्हा अंधार पडलेला असतो, मागून दुसरी गाडी हॉर्न देत असते आणि गल्ली जेमतेम एका गाडीची असते.

आधी जागेचा हिशेब करू. चारचाकीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. वळवायची, मागे-पुढे घ्यायची जागा धरली तर एका गाडीमागे पंचवीस चौरस मीटर सहज जातात. पोफळीची लागवड शिफारशीप्रमाणे 2.7 मीटर अंतरावर करतात, म्हणजे एका झाडाला सुमारे सात चौरस मीटर. नारळ साडेसात मीटरवर लावतात, त्याला छप्पन्न चौरस मीटर लागतात. म्हणजे एका गाडीची जागा साधारण तीन पोफळींची, आणि दोन गाड्यांची जवळपास एका माडाची. चार खोल्यांचं घरगुती निवास चालवणाऱ्या माणसाने चारही पाहुण्यांच्या गाड्यांची सोय करायची ठरवली, तर त्याला आगरातली डझनभर पोफळं तरी काढावी लागतात. कित्येकांनी ती काढलीही आहेत. ‘मोफत पार्किंग’ या दोन शब्दांमागे यजमानाने काय मोजलंय, हे आपल्याला ठाऊक असावं, म्हणून हा हिशेब मांडला.

त्यात किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम आहेत. 1991 च्या पहिल्या अधिसूचनेपासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा नव्या बांधकामाला बंद आहे. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो 50 मीटरवर आणला. स्थानिक कुटुंबांना आपल्या राहत्या घरात पर्यटक ठेवायला मुभा आहे, मात्र घराचं जोतं वाढवायचं नाही. याचा आपल्यापुरता परिणाम सरळ आहे. समुद्राला अगदी चिकटून जे राहण्याचं ठिकाण असतं ते बहुधा जुनं घर असतं, त्याची वाट जुनी असते आणि अंगणही जुन्या मापाचं असतं. फरसबंद वाहनतळ, दोन फाटकं आणि रखवालदार असलेली मोठी रिसॉर्टं बहुतेक रस्त्याच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला किंवा सड्यावर असतात. समुद्र पायांशी आणि गाडी दारात, अशी दोन्ही सुखं एकत्र मिळणं म्हणूनच दुर्मीळ. मिळालीच तर ती कोणाच्या तरी सुदैवाने रुंद राहिलेल्या वाडीत.

मालवणची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बाजारपेठ आधी आणि पर्यटन नंतर. भरड नाक्यावरून बंदराकडे जाणाऱ्या बाजारातल्या रस्त्यावर जुन्या दुकानांचे आणि घरांचे ओटे थेट रस्त्याला टेकलेले आहेत. इथल्या लॉजला अंगणच नाही, तर गाडी आत कुठून घेणार? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या जिथून सुटतात त्या जेटीकडे गाडी लावून बॅगा हातात घेऊन यायचं, हाच तिथला रिवाज. पण किल्ला बघायला आलेल्यांच्या गाड्याही तिथेच लागतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर जागा मिळेलच असं नाही. बाजारातली खोली एकट्यादुकट्याला, किंवा मासळीबाजार आणि खाणावळी पायी फिरायच्या आहेत त्याला उत्तम. सोबत दोन म्हातारी माणसं आणि चार बॅगा असतील तर चिवला किनाऱ्याकडे किंवा गावाबाहेर तारकर्लीच्या वाटेवर बघावं.

तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी जीभ, तिच्यावर हे गाव वसलंय. जायला आणि यायला रस्ता एकच. रस्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला माडांत लपलेली घरगुती निवासं आहेत. एरवी हा रस्ता फार सुंदर वाटतो, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात समोरासमोर दोन बस आल्या की सगळं ठप्प होतं. देवबागला राहायचं असेल तर दिवसाउजेडी पोहोचावं, गाडी एकदा आत लावावी आणि मुक्काम संपेपर्यंत शक्यतो काढूच नये. डॉल्फिन बघायच्या होड्या, संगम, खाडी हे सगळं तिथून पायी किंवा होडीनेच करायचं असतं.

आता खोली शोधण्याच्या कामाकडे वळू. आरक्षणाच्या ॲपवर ‘पार्किंग’ या खुणेवर टिचकी मारून यादी गाळता येते, पण त्या खुणेच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात: स्वतःच्या आवारातली जागा, जवळपासची कुणाची तरी जागा, आणि सरळ रस्त्याची कड. यादीतली बारीक अक्षरं वाचली तर पुष्कळदा उलगडा होतो. पाहुण्यांनी टाकलेले फोटो मालकाच्या फोटोंपेक्षा कामाचे असतात. खोलीच्या फोटोत नाही, तर अंगणात मुलं खेळतायत अशा फोटोत मागे उभी असलेली गाडी शोधावी. गाड्या किती, कुठल्या आकाराच्या, एकामागे एक लावल्यात की शेजारी शेजारी, हे त्यातून कळतं. उपग्रहाचा नकाशा शहरात मदतीला येतो, वाडीत मात्र त्याचा उपयोग नाही. वरून फक्त झावळ्या दिसतात. खालचं घर, अंगण, वाट काहीच दिसत नाही. शिवाय नकाशावरची खूण कधी वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला असते आणि नकाशा आपल्याला सुरूच्या बनातल्या वाळूच्या वाटेने नेऊ बघतो. शेवटचा अर्धा किलोमीटर नकाशा बाजूला ठेवून मालकाला फोन लावावा.

फोन हेच खरं साधन. कोकणात घरगुती निवासाचा कारभार पुष्कळ ठिकाणी घरातली बाईच सांभाळते, आणि तिला आपल्या बेड्याची रुंदी तोंडपाठ असते. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. ‘पार्किंग आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आहे हो, होईल सोय.’ त्यात खोटेपणा नसतो. सोय खरोखरच होते, पण ती कुठे होते ते आपण विचारलेलं नसतं.

“काकू, गाडी आत येते का?”

“येते की. आमची असतेच ना आत.”

“आमची इनोव्हा आहे.”

“मोठी आहे तर... मग बेड्यापाशी जरा जपून घ्यावी लागते. नाहीतर समोर भाऊजींच्या खळ्यात लावतात हो सगळे. ते काही म्हणत नाहीत.”

“आत आणखी किती गाड्या असतील?”

“तीन राहतात. पण तुम्ही सकाळी लवकर निघणार असाल तर आधी सांगा, म्हणजे तुमची बाहेरच्या अंगाला लावून घेऊ.”

चार वाक्यांत सगळं कळलं. गाडीचं नाव सांगितल्याबरोबर उत्तर बदललं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. छोटी हॅचबॅक चार मीटरच्या आत असते आणि जिथे ती सहज वळते तिथे मोठी एसयूव्ही आरशांसकट गडग्याला घासते. चिरा दिसायला मऊ वाटतो, पण त्याचा कोपरा गाडीच्या दाराला चांगलाच ओरखडा काढतो. ‘एकामागे एक लावतात का?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. अरुंद वाडीत आधी आलेली गाडी शेवटी निघते. पहाटे कासवांची पिल्लं सोडताना बघायला वेळासला किंवा आंजर्ल्याला जायचं असेल आणि मागच्या गाडीची किल्ली झोपलेल्या पाहुण्याच्या उशाशी असेल, तर बेत तिथेच मोडतो. चढ-उताराचंही विचारावं. वेळणेश्वरसारख्या ठिकाणी गावात उतरतानाच तीव्र उतार लागतो, आणि पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरलं की नवशिक्या चालकाने तिथे धाडस करू नये.

एक प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भाड्याची गाडी असेल तर चालकाची सोय काय? आठ-नऊ तास गाडी चालवून, घाट उतरून आलेला माणूस रात्रभर डासांत आणि दमट हवेत सीट मागे करून झोपतो आणि सकाळी आपल्याला तोच घाट चढून नेतो. पुष्कळ यजमान ओटीवर किंवा मागच्या खोलीत अंथरूण-पांघरूण देतात, जेवायलाही वाढतात, पण आधी सांगितलं तर. चालकाच्या जेवणाचे आणि झोपण्याचे पैसे हिशेबात धरूनच सहल ठरवावी. ही मेहेरबानी नाही, आपल्या घरच्यांच्या जिवाची काळजी आहे.

पंधरा-सतरा माणसांचा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन जाणाऱ्या मंडळींनी वाडीतल्या घरांचा नाद बहुधा सोडावा. त्या गाडीची उंची अडीच मीटरच्या आसपास, आणि वाडीच्या वाटेवर माड झुकलेले, विजेच्या तारा लोंबलेल्या. गाडी आत गेली तरी वळत नाही. अशांसाठी पर्यटन महामंडळाची निवासं बरी. गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर, हरिहरेश्वर इथल्या त्यांच्या आवारात मोठ्या गाड्यांना जागा असते. देवस्थानांचे भक्तनिवासही या बाबतीत चांगले. खोल्या साध्या असतात, पण मैदान मोठं असतं.

आणि इथे अगदी स्पष्ट सांगतो: वाहनतळ मिळाला नाही म्हणून गाडी पुळणीवर नेऊ नका. ओहोटीला किनाऱ्याची ओली वाळू डांबरासारखी घट्ट लागते, म्हणून माणूस फसतो. भरतीचं पाणी चढू लागलं की वाळूच्या कणांमध्ये पाणी भरतं, तिचा घट्टपणा जातो, आणि प्रत्येक परतणारी लाट चाकाखालची वाळू खणून नेते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तसं चाक आणखी खोल जातं. गाडी तळापर्यंत टेकली की मग ट्रॅक्टर, दोरखंड आणि कोळीवाड्यातली वीस माणसं लागतात. खारं पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये शिरलं की दुरुस्तीचा खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकांनी दाबलेल्या वाळूतून पिल्लाला वर येता येत नाही.

भरतीची वेळ काढायचा एक सोपा आडाखा कोकणात चालतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तेव्हा भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मिनिटामिनिटाचा नेम नाही, पण फिरायला जायला आणि गाडी कुठे उभी करू नये हे कळायला पुरेसा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी एरवीपेक्षा बरंच वर चढतं, आणि ते नेमकं मध्यरात्रीच्या सुमारास. संध्याकाळी ‘इथपर्यंत पाणी येत नाही’ असं वाटून वाळूच्या काठाला लावलेली गाडी अशाच रात्री अडकते.

वाडीत गाडी लागली तरी कुठे लागली ते बघावं. माडाखाली कधीही नको. पिकलेला नारळ किंवा वाळलेली झावळी कधी सुटेल ते झाडालाच ठाऊक, आणि तीसएक फुटांवरून आलेला नारळ काच ठेवत नाही. यजमान सांगतीलच, पण त्यांनी आवरायच्या घाईत सांगितलं नाही तर आपण मान वर करून बघावं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं. घराच्या आडोशाला, समुद्राच्या उलट बाजूला जागा मिळाली तर ती घ्यावी. पावसाळ्यात सपाट अंगणात हँडब्रेक ओढून दोन दिवस गाडी ठेवली तर तो गंजून चिकटतो. त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. अंगणात नळी लावून गाडी धुऊ नका. या वाळूच्या गावांमध्ये विहिरीचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला हलकं. पावसाळ्यात मुरलेलं हे पाणी मेपर्यंत पुरवायचं असतं. वरून फार उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर मचूळ होते. मग माणसांचे हाल होतातच, आगरही सुकतं. गळणाऱ्या गाडीचं तेलही याच वाळूतून झिरपून विहिरीपर्यंत जातं. मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसावा आणि गाडी घरी परतल्यावर खालून-वरून स्वच्छ धुवावी.

विजेवरची गाडी असेल तर सोळा अँपियरचा पॉइंट अंगणापर्यंत येतो का, हे आधीच विचारावं. साध्या चार्जिंगला सुमारे तीन किलोवॉट लागतात, दहा तासांत तीस युनिटं. त्याच लाइनवर दोन एसी चालू असतील तर फ्यूज जातो. युनिटांचे पैसे आपणहून द्यावेत, मागायला यजमान संकोचतात.

दिवस निवडणंही पार्किंग शोधण्याचाच भाग आहे. नाताळ ते एक जानेवारी, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना ही गर्दी सगळ्यांना माहीत असते. पण गणपतीत आणि शिमग्याला घराघरांत चाकरमानी आलेले असतात, अंगणं त्यांच्या गाड्यांनी भरतात, आणि कित्येक यजमान त्या दिवसांत पाहुणे घेतच नाहीत. मालवणजवळच्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा असते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मालवण परिसरात खोली आणि गाडीला जागा दोन्ही मिळणं कठीण, म्हणून हिवाळ्याच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांनी जत्रेची तारीख बघूनच बेत करावा. खाडी ओलांडायची असेल तर फेरीबोटीची शेवटची वेळही पाहावी. दाभोळ-धोपावे फेरी चुकली तर दापोलीहून गुहागरला चिपळूणमार्गे शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो, आणि रात्री उशिरा अनोळखी वाडीत गाडी घालण्याची वेळ येते.

माझं मत विचाराल तर दोन-तीन दिवस एकाच गावात काढायचे असतील तेव्हा गाडी नेण्याचा आग्रह सोडावा. मालवणला कुडाळपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटी किंवा रिक्षाने जाता येतं. अलिबागला गेटवेहून मांडव्यापर्यंत बोट आहे, पावसाळा सोडून. गावात पोहोचल्यावर सगळं चालण्याच्या अंतरावर असतं. ज्यांच्यासोबत वृद्ध किंवा लहान मुलं आहेत, ज्यांना गावोगाव फिरायचंय, त्यांना गाडी हवीच, आणि त्यांनी ती जरूर न्यावी. त्यांनी समुद्राचा अट्टाहास थोडा सैल करून रस्त्यालगतचं, समुद्रापासून दोन-तीनशे मीटर आतलं, रुंद अंगणाचं घर निवडावं.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी फोन करा. आपल्या गाडीचं नाव सांगा, पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ सांगा, आणि गाडी नेमकी कुठे उभी राहील ते विचारा. शेजाऱ्याच्या खळ्यात लावायची असेल तर निघताना त्या घरी जाऊन दोन शब्द बोला, आणि शक्य असेल तर त्यांच्याकडूनच कोकम किंवा सुपारी विकत घ्या.